पद्माक्कांची भीती

पद्माक्का भित्र्या होत्या. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढे लोक त्यांच्याबद्दल भलतंच बोलायला लागले. गावच्या सत्कारात एका पुढाऱ्याने त्यांना रणरागिणी म्हटलं, तेव्हा मी त्यांच्या शेजारच्या खुर्चीवर होतो. मांडीवरचा नारळ घट्ट धरून त्या माझ्याकडे झुकल्या आणि पुटपुटल्या, "सर, ह्यास्नी कुणीतरी सांगा की, मी लय भित्री बाई हाय म्हणून."

त्या दिवशी कुणी सांगितलं नाही. मीही नाही.

सांगलीत हळदीच्या पेठेमागे एका जुन्या गोदामात आमचं केंद्र चालायचं. शाळेतून गळालेली किंवा गळायच्या बेतात असलेली, पंधरा ते एकोणीस वयाची मुलं-मुली तिथे यायची. कुणी नववीत दोनदा बसलेलं, कुणी ऊसतोडीला जाऊन वर्ष घालवलेलं, कुणाचं लग्न ठरता ठरता थांबलेलं. सकाळी मी त्यांना मराठी आणि गणित शिकवायचो, सतरा नंबरचा फॉर्म भरून बाहेरून दहावीला बसवायचो. उरलेला दिवस पद्माक्कांचा. त्या मोटार रिवाइंडिंग शिकवायच्या. विहिरीवरची, बोअरची, पिठाच्या गिरणीची जळालेली मोटार खोलायची, जळकी तार काढायची, नवी तांब्याची तार गुंडाळून कॉइल भरायची. हळद जाऊन किती वर्षं झाली होती कोण जाणे, पण फरशीच्या भेगांतून अजून पिवळी पूड निघायची आणि नवीन आलेलं पोर पहिले आठ दिवस शिंकत राहायचं.

आक्का मिरजेच्या बाजूच्या एका खेड्यातल्या जैन शेतकऱ्याच्या घरातल्या. पन्नाशीच्या, ठेंगण्या, बारीक. साडीवर पुरुषी फुल शर्ट घालायच्या, रानात बायका घालतात तसा. त्याच्या खिशात टेस्टर, पेन्सिलीचा तुकडा आणि लवंगांची पुडी. माझ्या पहिल्या दिवशी मी पंख्याचं बटण दाबायला गेलो, तर त्या लांबून ओरडल्या, "सर, हात वले हाईत तुमचं!" मी नुकताच पाणी पिऊन आलो होतो. मुलांसमोर मला रुमालाला हात पुसायला लावले, तळव्यांकडे बघितलं, आणि मग म्हणाल्या, "आता लावा."

मुलांची तर त्या रोज सकाळी झडतीच घ्यायच्या. रांगेत उभं करायचं आणि म्हणायचं, "हात पुढं." हात कापतोय का, नखं निळी आहेत का, डोळे लाल आहेत का. त्या भागात नशेच्या गोळ्या सुपारीसारख्या मिळायला लागल्या होत्या, आणि डोळ्यांवरून त्यांना कळायचं. अशा पोराला त्या ओरडत नसत. त्याला कोपऱ्यात जळक्या कॉइल सोलायला बसवायच्या, दिवसभर कुठल्याही बटणापासून लांब. घरी मात्र कधीच पाठवायच्या नाहीत. मी एकदा विचारलं, तर म्हणाल्या, "घरी धाडलं म्हंजी घरीच जाईल असं कुनी सांगितलंय?"

त्यांचा एकच पाठ होता आणि तो त्या रोज म्हणून घ्यायच्या. "आधी मेन बंद. मग तोंड बंद. मग हात." मुलं तो पाढ्यासारखा म्हणायची, मागच्या रांगेत चाळे करत. आक्कांना ते चाळे दिसायचे, तरी पाठ चुकायचा नाही. कामाच्या वेळी एक मूल मेन स्विचपाशी नुसतं उभं राहायचं. काहीही झालं तर खटका खाली ओढायचा, एवढंच त्याचं काम. सगळ्यांना ती शिक्षा वाटायची. आक्का मात्र तिथे सगळ्यात धीट पोराला उभं करायच्या.

त्यामुळेच संतोष जवळजवळ महिनाभर मेनपाशी उभा होता.

संतोष जत तालुक्यातला. बाप मेंढरं राखायचा, थोडी डाळिंबं लावली होती. पोरगा शिकावा म्हणून त्याला सांगलीला चुलत्याकडे ठेवला, तर तो नववीतून बाहेर पडून नाक्यावरच्या टोळक्यात बसायला लागला. सतरा वर्षांचा, उंच, डोळ्यांत कायम हसू. पहिल्याच दिवशी त्याने पैज मारली आणि कोरड्या लाकडी स्टुलावर उभा राहून चालू फेजची तार उघड्या बोटांनी धरून दाखवली. काही झालं नाही. स्टुलामुळे होणारही नव्हतं. पोरांनी टाळ्या वाजवल्या. आक्का वळल्या, बघितलं. मग मोरीत गेल्या. त्या ओकत असल्याचा आवाज आम्हा सगळ्यांना ऐकू आला. टाळ्या थांबल्या.

परत आल्यावर तोंड पुसत त्या एवढंच म्हणाल्या, "ज्याला भ्या वाटत न्हाई त्याला मी तारंला हात लावू देत न्हाई. मेनवर उभा ऱ्हा."

"किती दिवस?"

"भ्या वाटंस्तवर."

दिवाळीच्या सुट्टीला तो गावी गेला आणि परत आलाच नाही. फोन बंद. दोन दिवस गैरहजर राहिलं की आक्का त्या पोराच्या घरी जायच्या. हा तर आठ दिवस झाले तरी आला नव्हता. नवव्या दिवशी त्या मला म्हणाल्या, "सर, चला माझ्यासंगं. मला एकटीला त्या बाजूचं काय ठावं न्हाई." आम्ही जतची एसटी धरली. वाटभर त्या लवंग चघळत राहिल्या. फाट्यावर उतरून माळावरून चालायला लागलो. लांबवर एक झोपडी, तिच्यापुढे बोअर, बोअरच्या शेजारी खांबावर पत्र्याची पेटी. पेटीचं दार उघडं होतं आणि संतोष आत हात घालून काहीतरी करत होता. अनवाणी. पायाखाली पाण्याचं थारोळं.

आक्का किंचाळल्या. माणसाचा तसला आवाज मी त्याआधी कधी ऐकला नव्हता. आणि त्या धावत सुटल्या. काट्याकुट्यातून, साडी गुडघ्यापर्यंत धरून, "हात काढ! हात काढ रं!" असं ओरडत. मेंढरं उधळली. संतोषने हात बाहेर काढला आणि हसायला लागला.

"लाईट न्हाई आक्का. सकाळधरनं गेलीया."

आक्कांनी त्याची कॉलर धरली आणि त्याला चिखलातून कोरड्या जागेवर ओढला. त्यांना धाप लागली होती, बोलता येत नव्हतं. संतोषचा बाप काठी टेकत आला. कोण बाई, काय झालं, त्याला काही कळेना.

"लाईट न्हाई म्हणतोय की पोरगं," तो म्हणाला. "उगं कशाला बोंबलताय?"

मग आक्का बांधावर बसल्या आणि सांगायला लागल्या. मी त्यांच्याबरोबर वर्षभर काम करत होतो, पण हे मलाही माहीत नव्हतं.

"आमच्या मालकांनी पन असंच म्हटलं हुतं. लाईट गेलीया, तवर स्टार्टर बघून घेतो. मी भाकरी घेऊन निघाले हुते. बांधावरनं हाक मारली, त्यांनी मान वर केली. माझ्याकडं बघितलं. आन तेवढ्यात लाईट आली." त्या थांबल्या. "मला आधी वाटलं, हसत्यात."

संतोषच्या चेहऱ्यावरचं हसू गेलं.

त्यानंतर वर्षभर त्या विहिरीकडे गेल्याच नव्हत्या. उन्हाळ्यात मोटार जळाली, पीक वाळायला लागलं, मेकॅनिक येईना. तेव्हा टेम्पोत मोटार घालून त्या स्वतः मिरजेला रिवाइंडिंगच्या दुकानात गेल्या. मिस्त्री म्हणाला, चार दिवसांनी या. त्या संध्याकाळपर्यंत हलल्याच नाहीत, दुकानाच्या पायरीवर बसून राहिल्या. दुसऱ्या दिवशीही गेल्या आणि बसल्या. "मला बघायचं हुतं, माझ्या मान्साला खाल्लं त्ये आतनं दिसतंय कसं." आठव्या दिवशी म्हातारा मिस्त्री वैतागून म्हणाला, बसलाच हाईसा तर ही तार तरी धरा. त्या दुकानात त्यांनी अकरा वर्षं काढली.

"अजून बटण दाबताना मला भ्या वाटतंय," त्या संतोषला म्हणाल्या. "रोज. दर येळंला. म्हणून मी जित्ती हाय."

लाईट त्या दिवशी दुपारपर्यंत आली नाही. म्हणजे त्या वेळेपुरता संतोष बरोबरच होता. आक्कांनी तरीही आधी तिन्ही फ्यूज उपसून शर्टाच्या खिशात घातले, रोहित्राच्या डीपीपाशी मला उभं केलं, रबरी चप्पल घालून कोरड्या फळीवर उभ्या राहिल्या आणि मग पेटीतला स्टार्टर उघडला. काम झाल्यावर बाप पुढे आला. मग त्याने पायातल्या वहाणा काढल्या आणि पोरापुढे सरकवल्या.

"जा ह्यांच्यासंगं," तो म्हणाला.

संतोष आमच्याबरोबर आला. पण गाडीत तो खिडकीशी बसला नाही, मधे बसला, आणि सांगली जवळ आली तसा खाली खाली सरकत गेला. आक्कांनी ते बघितलं होतं. आठवडाभर त्यांनी काही विचारलं नाही. एक दिवस कॉइल भरताना त्याने आपण होऊन सांगितलं. टोळक्यातल्या मोठ्या पोरांनी दिवाळीआधी त्याच्याकडे एक पोतं ठेवायला दिलं होतं. त्यात कोयते होते. याने घाबरून ते पोतं पुलावरून कृष्णेत टाकलं. आता ती पोरं त्याला शोधत होती.

आक्कांनी हातातली तार खाली ठेवली. 

"म्हंजी तू मोटारीसाठी ऱ्हायला न्हवतास गावाला."

"न्हाई."

"आन मी तुला हितं आनला."

त्या दिवसापासून आक्का संतोषला आपल्या घरी झोपायला न्यायला लागल्या. सकाळी एका गाडीने दोघं यायची, संध्याकाळी जायची. पोलिसांत आम्ही तोंडी सांगून आलो. नाव लिहून घेतलं, बघतो म्हणाले. केंद्रात आता शटर अर्धं खाली असायचं. बाहेर मोटारसायकल थांबली की आक्कांची मान वर व्हायची. त्या मला म्हणायच्या, "सर, तितं मेंढरामागं बरा हुता की वं. माझ्या हातनं काय झालं ह्ये?" मीही येताजाता मागे वळून बघायला लागलो होतो.

ती पोरं आली ती भर दुपारी, जेवणाच्या सुट्टीत.

तीन मोटारसायकली. पाच जण. आम्ही आत डबे उघडून बसलो होतो. सतरा मुलं, आक्का आणि मी. आधी कुणीतरी हाक मारली, "संत्या, भायेर ये." मग शटरवर लाथ बसली. एका मुलीने धावत जाऊन शटर पूर्ण खाली ओढलं आणि आतून कडी घातली. बाहेरून लोखंडावर लोखंड घासत नेल्याचा आवाज आला, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, सावकाश. गोदामाला खिडक्या नव्हत्या. होतं ते शटर आणि बाजूच्या बोळात उघडणारं एक लहान दार.

मी फोन काढला. खोटं कशाला सांगू, तीन आकडे लावायला मला तीन वेळा प्रयत्न करावे लागले. पलीकडच्या माणसाला पत्ता सांगताना मी गल्लीचं नाव विसरलो.

तेवढ्यात आक्का ओरडल्या. मी वळून बघितलं. संतोषने टेस्टिंगच्या बोर्डावरून वायर ओढून आणली होती, दातांनी टोक सोललं होतं, आणि तो शटरकडे निघाला होता. शटर लोखंडाचं. बाहेर पाच पोरं त्याला हात लावून, लाथा घालून उभी होती. नळाचं पाणी सांडून बाहेरची फरशी कायम ओली असायची. आम्ही सगळ्यांनी ते रोज बघितलेलं होतं. हे कसं करायचं ते त्याला नीट माहीत होतं, कारण त्याला आम्हीच शिकवलं होतं.

"एक मिंट आक्का," तो म्हणाला. "एकच मिंट. सगळी गप हुतील."

आणि मी गप्प होतो. हे मला सांगितलंच पाहिजे. त्या क्षणी मला ते बरोबर वाटलं.

आक्का मेनकडे धावल्या आणि खटका खाली ओढला. पंखे थांबले, दिवे गेले. अंधारात फक्त शटरच्या खालून एक उजेडाची रेघ येत होती आणि तिच्यात पाच जोडी पाय दिसत होते. मग फाडकन एक आवाज झाला. आक्कांनी संतोषच्या तोंडात मारली होती. त्यांनी कुठल्याही मुलावर हात उगारलेला मी त्याआधी पाहिला नव्हता, त्यानंतरही नाही.

"ह्ये शिकवलं व्हय रं तुला?" त्यांचा आवाज फाटला होता. "ह्येच्यासाठी शिकवलं?"

संतोष रडायला लागला. एवढं मोठं पोर, हुंदके देऊन. "मला मारत्याल आक्का. मला लय भ्या वाटतंय."

"व्हय," आक्का म्हणाल्या. "मला पन."

मग त्यांनी मेनच्या पेटीला कुलूप घातलं, किल्ली माझ्या हातात दिली आणि म्हणाल्या, "सर, दार लावून घ्या." मला कळायच्या आत त्या बोळातल्या दारातून बाहेर गेल्या. मी दार लावून घेतलं. आत राहिलो. मुलांजवळ कुणीतरी पाहिजे होतं, असं मी पुढे बऱ्याच जणांना सांगितलं.

बाहेरचं बोलणं शटरमधून ऐकू येत होतं.

"म्हातारे, बाजूला हो."

"संतोष आत हाय," आक्कांचा आवाज. बारीक, थरथरता. "मी त्याला भायेर सोडणार न्हाई. पोलिसांना फोन केलाय. तुमी जावा बाळांनो. जावा."

"तू कोन त्येची?"

याला त्यांनी काय उत्तर दिलं, ते मला ऐकू आलं नाही. शटरवर एक घाव बसला, मग दुसरा, आणि दुसऱ्याबरोबर आक्कांचा आवाज. शटरच्या खालच्या रेघेत थेंब पडायला लागले. आतल्या पोरींनी किंकाळ्या फोडल्या. त्या किंकाळ्या ऐकून शेजारच्या हळदीच्या गोदामातले हमाल पोत्याचे आकडे घेऊनच धावत आले. मोटारसायकली सुरू झाल्याचा आवाज आला. मी दार उघडून बाहेर गेलो तेव्हा आक्का शटरला टेकून बसल्या होत्या, डावा हात पोटाशी धरून, शर्ट भिजलेला. मला बघून म्हणाल्या, "पोरं हाईत न्हवं सगळी?"

हात वाचला. करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट मात्र पुन्हा वळलं नाही. कॉइल भरायला दोन्ही हातांची सगळी बोटं लागतात.

पुढच्या आठवड्यात सतरातली सात मुलं आली. बाकीच्यांना आईबापांनी पाठवलं नाही, आणि त्यांना कोणत्या तोंडाने बोलवायचं? केंद्र चालवणाऱ्या संस्थेच्या लोकांनी बैठक घेतली. त्या पोराला काढून टाका, बाकीची मुलं परत येतील, असं म्हणणं पडलं. आक्का हाताला पट्टी बांधून आल्या होत्या. "त्याला काढला तर तो कुटं जाईल ते मला ठावं हाय," त्या म्हणाल्या. "तुमास्नी बी ठावं हाय." शेवटी केंद्र दुसऱ्या जागी, पोलीस चौकीजवळच्या दोन खोल्यांत न्यायचं ठरलं आणि संतोष राहिला. आक्का समोर स्टुलावर बसून तोंडाने सांगायच्या, आणि तो भरायचा. त्याच्या हाताखालची एकही मोटार जळून परत आली नाही, असं दुकानदार म्हणायला लागले.

ती पोरं पकडली गेली. आक्कांनी जबाब दिला, ओळख पटवायला गेल्या. मी सोबत होतो. ज्याने वार केला होता तो एकोणीस वर्षांचा होता, आणि तिथे भिंतीशी उभा असताना त्याचा ओठ थरथरत होता. आक्कांनी त्याच्याकडे बोट दाखवलं. मग साहेबांना विचारलं, "शिक्षान किती झालंय ह्येचं?"

"आठवीतनं सोडलीय शाळा."

पायऱ्या उतरताना त्या मधेच थांबल्या. "ह्यो आपल्याकडं यायचा ऱ्हायला, सर."

पुढे मला फलटणला कायम नोकरी लागली आणि मी सांगली सोडली. फोन व्हायचे. संतोष बाहेरून दहावी पास झाला, ते त्यांनीच कळवलं.

त्यांना शेवटचं पाहिलं ते सातारा स्टँडवर, जुलैत. पाऊस कोसळत होता. महाबळेश्वरची गाडी लागली होती आणि खिडकीत मला आक्का दिसल्या. शेजारी संतोष, मांडीवर हत्यारांची पिशवी. त्याला तिथल्या एका हॉटेलात वायरमनचं काम लागलं होतं. आक्का जागा बघायला निघाल्या होत्या. मी खिडकीपाशी छत्री धरून उभा राहिलो.

"तितं म्हणं भिताडातनं पानी झिरपतंय चार-चार म्हैने," त्या म्हणाल्या. "अर्थिंग बघून आल्याबिगर मला झोप न्हाई लागायची. आन सर, घाट लय वाईट हाय का वं? मी कवा गेले न्हाई."

"काही नाही हो," मी म्हणालो. "रोज गाड्या जातात."

त्यांचा त्यावर विश्वास बसला नाही. संतोष हसला, पण हळूच, त्यांना दिसणार नाही असा. कंडक्टरने घंटी मारली. गाडी हलली तशा आक्कांनी डोळे गच्च मिटले, चांगल्या हाताने पुढची दांडी धरली आणि त्यांचे ओठ हलायला लागले. णमोकार मंत्र म्हणत असाव्यात. गाडी वळली तेव्हा संतोषने पिशवी पायाशी ठेवली आणि आपला एक हात त्यांच्यापुढून आडवा नेऊन खिडकीच्या गजाला धरला, लहान मूल पडू नये म्हणून धरतात तसा.

काचेवर पाणी होतं. त्यापुढचं दिसलं नाही.